ओवशाची सुपं

यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव, मग तुला दुधाचा चहा पाजते! नाय मानलास तर कोरा. चहा दोन्हीकडून मिळतोय, तेव्हा बस गो बाय खाली.

मी तिसरीपर्यंत शिकले. तिसरीत मास्तरांनी मला सोडलं का मी मास्तरांना, त्याचा निकाल अजून लागायचाय. म्हणून माझ्याकडे लिहिलेलं काय नाय, सगळं तोंडावर. आणि बुरूडकाम करणाऱ्याच्या तोंडावर किस्से किती असायचे? बांबू सोलायला बसलं ना, की हातात राहतं थोडं आणि पायाशी पडतं ढीगभर. टोपली होते ती बाजारात जाते. ढलप्या आमच्याकडे राहतात. त्यांच्यावर आम्ही भात शिजवतो. किस्से म्हंजे त्याच ढलप्या. टाकवत पण नाय, विकत पण कोण घेत नाय!

आमची आळी संगमेश्वराच्या अलीकडे, हायवे सोडून आत. पूर्वी घराघरात कोयती चालायची. आता बोटावर मोजायची घरं राहिली. टोपल्या, पाट्या, कोंबड्यांची डालगी मी पण विणते. पण सूप? सूप आळीत एकाच माणसाला येतं. आमचे धाकूभावजी, माझ्या घरवाल्याचे थोरले भाऊ. घरवाला गेला, जाऊबाई गेल्या. भावजी राहिले आणि मी राहिले. एकमेकांना छळायला कोणीतरी लागतंच!

भावजींनी लेकाला, मंगेशला, सूप शिकवायला घेतलं होतं. तो अर्ध्यात सोडून मुंबईला लिफ्ट दुरुस्त करायला गेला. जाताना काय बोलला? "बाबा, तुमचं सूप पण वर-खाली होतं, माझी लिफ्ट पण वर-खाली होते. पगार मात्र लिफ्टीला हाय!"

त्या दिवशी भावजींनी पडवीत उभं राहून जाहीर केलं, "यापुढे कोणालाच शिकवणार नाय. सूप माझ्याबरोबर जाणार!"

गेलं पण असतं. पण मंगेशनं बायको केली घाटावरची. रेश्मा. तिचं सांगतेच. आधी भावजी काय माणूस हाय ते तर ऐक.

* * *

खाडीपलीकडे जुबेदाभाबी राहतात. घरचे पुरुष सगळे दुबई-मस्कतला, पण तांदूळ अजून सुपातच पाखडतात. एक दिवस तणतणत आल्या, हातात फाटकं सूप.

"धाकूभाई, तुमचं सूप जन्मभर फाटत नाय बोलतात ना? हे बघा!"

भावजींनी सूप घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला. बोलले, "भाबी, घरात नवीन सून आली?"

"आली."

"डावरी हाय?"

भाबींनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे. मी कायच सांगितलं नव्हतं, देवाशपथ!

"आणि तिला राग आला की ती सूप भिंतीला आपटते," भावजी बोलले.

"या अल्ला! ती आपटते होय? मी बाहेरून ऐकते तर मला वाटतं पोरगी उंदीर मारते!" भाबी पायरीवरच बसल्या. "आता काय करू, धाकूभाई? सून बदलू?"

"सून नको. सूप बदलू. उजव्या हाताचं सूप डाव्या हाताला दिलं तर माणूस आपटणारच."

आणि भावजींनी डाव्या हाताचं सूप विणलं! म्हंजे दिसायला तसंच, पण तोल सगळा त्या अंगाला. मी हातात घेतलं तर तांदूळ माझ्याच पायावर.

पुढच्या खेपेला भाबी आल्या तेव्हा मी विचारलं, "काय, सून अजून आपटते?"

"नाय गो तारा. ती आता गाणी बोलत पाखडते. पण त्या सुपात मला पाखडता येत नाय." भाबींनी इकडेतिकडे बघितलं, आवाज बारीक केला. "आता मी आपटते!"

* * *

रत्नागिरीत एकदा हस्तकलेचं प्रदर्शन भरलं. आम्हाला मंडप दिला, टेबल दिलं, आणि बोलले, "इथे बसून लाइव्ह डेमो द्या." म्हंजे काय, तर घरी करतो तेच करायचं, पण लोकांनी बघायचं!

आता भावजींची एक सवय हाय. सुपाच्या शेवटच्या ओळी आल्या की ते एक बेळ दातात धरतात. बेळ म्हंजे बांबूची सोललेली पट्टी. ओळ पुरी होईपर्यंत दात सोडायचे नाय. सोडले तर वीण ढिली. म्हंजे तेवढा वेळ भावजी मुके!

लोक विचारतायत, "आजोबा, किती वर्षं करताय?" भावजी, "हं." "आजोबा, हे कुठल्या बांबूचं?" भावजी, "हं हं." एक बाई मोबाइल घेऊन रील काढत होती. तिनं मला विचारलं, "आजी, हे बोलत का नाहीत?"

बाय, माझ्या जिभेला खाज सुटली!

मी बोलले, "मौन हाय त्यांचं."

"मौन?"

"देवीचं सूप हाय. विणताना तोंड उघडलं की गावचं पीक जातं."

बाईनं मोबाइल खाली घेतला आणि आधी चपला काढल्या. तिचं बघून मागच्यांनी काढल्या. कोणीतरी भावजींच्या पायाला हात लावला. झालं, रांग लागली! एकानं पुढ्यात नारळ ठेवला. एक गृहस्थ वाकून विचारतायत, "महाराज, मुलीचं कुठे जमेल?"

भावजी माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. दातात पट्टी. हात चालू. सोडता येत नाय!

मी लोकांना सांगितलं, "बघा, बघा! डोळ्यांनी आशीर्वाद देतायत!"

शेवटी ओळ संपली. भावजींनी पट्टी थुंकली आणि आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "तारे! मेले! घरी चल, तुला डालग्यात कोंडतो!"

मग ती रीलवाली बाई हात जोडून बोलली, "मौन सुटलं!" आणि टाळ्याच टाळ्या! संध्याकाळपर्यंत टेबलावर एक सूप शिल्लक राहिलं नाय.

परत येताना एसटीत भावजी खिडकीकडे तोंड करून बसले. आळी येईपर्यंत शब्द नाय. खरं मौन तिथे सुरू झालं!

* * *

वेळणेश्वराच्या अंगाला एक रिसॉर्ट झालंय. तिथला मॅनेजर आला. बोलला, "आजोबा, तुम्ही कोंबड्यांची डालगी विणता ना, तशी आम्हाला हवीत. दिव्यांवर घालायला."

भावजी बोलले, "का? दिवे पळून जातात?"

तो हसला. "शोभेला हो. फक्त वरची झडप नको." डालग्याला वरून हात घालायला एक झडप असते, कोंबडी काढायला. दिव्याला ती कशाला?

भावजींनी विणून दिली. पोचवायला मी पण गेले, जेवण होतं ना! त्यांच्या माणसांनी शिडी लावून एकेक डालगं टांगलं, आत बल्ब पेटवले. भिंतीभर सावल्यांची जाळी पडली. भावजी मान वर करून बघत होते. मला कोपरानं ढोसून बोलले, "तारे, आपली कोंबडी कधी एवढ्या थाटात राहिली नाय!"

आणि बघता बघता त्यांचा चेहराच उतरला. एका डालग्याला झडप!

डोक्यानं ऐकलं होतं, झडप नको. हातानं ऐकलं नव्हतं. एवढी वर्षं डालगं म्हंजे झडप, हातानं आपली करून टाकली. भावजी मॅनेजरला बोलले, "उतरवा ते. चूक झाली. परत नेतो."

"नको, नको!" मॅनेजर शिडीला आडवा झाला. "सगळ्यांना तेच आवडलंय! आता पुढची सगळी तशीच द्या. झडपवाली."

घरी आल्यापासून भावजी अस्वस्थ. डालगं घ्यायचे, झडपेपाशी यायचे आणि अडायचे. "दिव्याच्या डालग्याला झडप नसते, तारे. ठाऊक असताना कशी करू? चुकून झालेली चूक मुद्दाम कशी करायची?"

विणायचे, सोडायचे. विणायचे, सोडायचे. शेवटी घाम पुसत माझ्या पडवीत आले.

"तारे, इकडे ये. माझ्या बाजूला बसून बडबड कर. तुझी बडबड ऐकली की माझ्या हातून चुका होतात."

मी भाकरतुकडा पदरात बांधून बसायला गेले, बाय. थांबलेच नाय! शेजारच्या शेवंताच्या म्हशीपासून सुरू केलं ते माझ्या लग्नापर्यंत. संध्याकाळी बघितलं तर सगळ्या डालग्यांना झडपा! आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसानं मला बोलायला बोलावलं.

* * *

आता रेश्मा. कोल्हापूरकडची पोर. मुंबईत मंगेशला खोली मिळेपर्यंत इकडे राहायची होती. आली आणि पहिल्याच आठवड्यात भावजींच्या पुढ्यात फतकल मारून बसली.

"मामंजी, मला सूप शिकवा की."

"घाटावरचा हात तुझा. भाकरी थापणारा. सूप थापून होत नाय."

"मग कसं हुतंय?"

"ते नाय सांगणार."

ती माझ्याकडे आली. "काकी, तुम्ही तरी शिकवा की वो."

मी बोलले, "बाये, मला सूप येत असतं तर मी भावजींना एवढा मान दिला असता काय?"

त्यानंतर आळीतली सुपं गायब व्हायला लागली!

आधी शेवंताचं. खुंटीवरचं सूप सकाळी नाय. मग पलीकडच्या घरचं. मग माझं! आमच्याकडे काय पण गेलं की आळ माकडांवर. आंबा गेला, माकड. पपई गेली, माकड. सूप गेलं, तरी माकड!

शेवंता बोलली, "अगो वैनी, माकड सूप नेऊन करंल काय?"

मी बोलले, "पाखडंल! काल बघितलं ना मी, वहाळाच्या पाण्यापलीकडे एक माकडीण पाय पसरून तांदूळ पाखडत होती. खडे वेगळे काढत होती."

शेवंता मला शिव्या देत गेली. पण माकडं हाकलायला फटाके घेऊन आली हां दुकानातून!

मग एक दिवस मी गोठ्यामागच्या मांगरात पेंढा काढायला गेले. बघते तर रेश्मा! मांडीवर माझं सूप, अर्धं उसवलेलं. आणि जमिनीवर, बाय, शेवंताचं सूप. म्हंजे सूप नाय, त्याच्या पट्ट्या! जशा निघाल्या तशा ओळीनं मांडलेल्या, एकीला लागून एक, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शिकवत नाय ना कोणी? मग झालेलं सूप मागे मागे उलगडत न्यायचं, म्हंजे कळतं ते पुढे पुढे कसं आलं!

मला गप्प बसायला हवं होतं. पण मी कसली गप्प बसते! मी ओरडले, "माकडीण सापडली!" सगळी आळी जमा.

शेवंता कमरेला पदर खोचून, "चोर! घरातच चोर!"

रेश्मा उभी राहिली. "चोरलं न्हाई काकू, उसवलंय! परत विणून देणार की."

"कधी?"

"आलं की!"

तेवढ्यात भावजी आले. सगळे बाजूला झाले. मला वाटलं, झालं, आता हिची बोचकी बांधायची. भावजी त्या पट्ट्यांच्या कडेकडेनं चालत गेले, पार शेवटपर्यंत. मध्येच थांबले. खाली वाकले, एक पट्टी उचलली, शेजारच्या पट्टीच्या अलीकडे ठेवली. आणि काय न बोलता निघून गेले.

शिकवणार नाय बोलले होते. नायच शिकवलं. नुसतं आवरलं!

सगळे एकमेकांकडे बघतायत. रेश्माचे डोळे त्या एका पट्टीवर. आणि मागून शेवंता, "ते सगळं ठीक हाय. माझं सूप?"

* * *

ओवसा तुला माहीत नसेल, शहरातली तू. आमच्याकडे गौरी-गणपतीत नवी सून गौरीपुढे सुपं ओवाळते. सुपात पानं, काकडी, केळी, नारळ. मग एकेक सूप घरातल्या थोरांच्या हातात देते. थोरांनी ते घ्यायचं आणि तिला आशीर्वाद द्यायचा. सुनेला घरानं आपली मानली, त्याची ही खूण. पण दर वर्षी नाय हां. गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच. म्हंजे त्या वर्षी साठलेल्या सगळ्या नव्या सुना एकदम निघतात! भावजींना पाणी प्यायला फुरसत नसते. आणि सुपं यायची असतात माहेरहून.

यंदा ओवसे होते. रेश्माच्या बापाला फोनवर कळवलं, सुपं घेऊन या. त्यांच्याकडे ही रीत नाय. तरी बिचारा आला, गणपतीच्या बराच आधी आला. फेटा बांधून, एसटीतून उतरला, पाठीवर हे एवढं गाठोडं. पडवीत ऐटीत सोडलं.

प्लॅस्टिकची सुपं!

लाल, हिरवं, निळं, पिवळं, गुलाबी. बाप आनंदानं सांगतोय, "एक बी दुसऱ्यासारखं न्हाई! पोरीला रंगाची आवड हाय, मुद्दाम हुडकून आणली."

धाकू बुरुडाच्या पडवीत प्लॅस्टिकचं सूप! शेवंतानं पदर तोंडात कोंबला. मी पण कोंबला, पण माझा पुरला नाय.

भावजींनी गुलाबी सूप उचललं. उलटं केलं, सुलटं केलं, अंगठा फिरवला. दारी आलेला पाहुणा, बोलणार काय? बोलले, "पाहुणे, वस्तू झकास हाय. भिजायची नाय, वाळवी लागायची नाय, उंदीर तोंड लावायचा नाय." मग सूप हळूच खाली ठेवलं. "फक्त सूप नाय."

बापाचा चेहरा बघवेना, बाय. फेटाच उतरला जणू. आपण काय चुकलो ते त्याला कळलं, आणि कुठे चुकलो ते पडवीभर टांगलेलं होतं.

रेश्मा आतून आली. "मामंजी, माझ्या बानं लई मायेनं आणल्यात. हसू नगा. माहेरची सुपं पायजेत न्हवं? मग मी माहेरचीच हाय. मी विणते."

भावजी बोलले, "वीण. पण एक ऐकून ठेव. वाईट सूप माझ्या हातात आलं तर मी घेणार नाय. गौर समोर असू दे, सगळी आळी असू दे. ओवसा परत!"

ओवसा परत! असं आमच्यात कधी ऐकलं नाय. सुनेला भरल्या घरातून दाराबाहेर काढल्यासारखं ते. मी बोलले, "भावजी, जीभ आवरा." तर मलाच बोलले, "तू शिकवतेस जीभ आवरायला?"

बापानं लेकीला कोपऱ्यात घेतलं. "पोरी, कशाला उगं? मी उद्या बाजारातनं बांबूची आणतो की."

रेश्मा बोलली, "आणशील रं बाबा. पण बाजारात बी सगळी मामंजींचीच हाईत!"

* * *

मग काय, पडवीच्या एका टोकाला भावजी, दुसऱ्या टोकाला रेश्मा. दोघांची पाठ एकमेकांकडे. ती विणायची, उसवायची, बोटं चिरायची, हळद लावायची, परत विणायची. अर्धी आळी हळद घेऊन उभी! तिनं एकदा सूप दाखवायला नेलं तर भावजींनी डोळे मिटले. "आता नाय. गौरीच्या दिवशी."

गणपतीला मंगेश मुंबईहून आला. बायकोचे हात बघून कळवळला. "बाबा, मला थोडं थोडं आठवतंय. मी दाखवू तिला?"

भावजी बोलले, "तू तिला लिफ्ट दाखव."

आता सूप विणून झालं म्हंजे झालं असं नाय. शेवटी काठ बांधायचा असतो, आणि तो एकट्याच्यानं होत नाय. एक बांधतो, एक धरतो. बांधतो तो कारागीर. धरतो तो हाताखालचा. भावजींच्या सुपांचा काठ आम्ही सगळ्यांनी धरला, माझ्या घरवाल्यानं धरला, मंगेशनं धरला, मी तर अजून धरते. भावजींनी कोणाचा धरलेला मी या डोळ्यांनी बघितला नाय.

रेश्मानं मला हाक मारली, "काकी, धरता का जरा?" मी उठले तर तिकडून भावजी, "तारे, माझी सुपं अडलीत!" ओवशाची सगळी गिऱ्हाइकं दारात बसलेली. मी काय करणार? तिनं काठ पायाच्या अंगठ्यात अडकवला, गुडघ्यानं दाबला, आणि एकटीनंच बांधला.

गौरीचा दिवस आला. रेश्मा हिरवी साडी नेसली, नथ घातली, हातभर चुडा. बोटांना चिंध्या, त्या पदराखाली लपवलेल्या. माजघरात पाय ठेवायला जागा नाय. नुसत्या बायका नाय, पुरुष पण दारात. सगळे ओवसा बघायला कशाला, भावजी काय करतायत ते बघायला! बाप खांबाला टेकून उभा, फेटा हातात. मंगेश आरतीचं तबक घेऊन तयार.

तिनं गौरीपुढे सुपं ओवाळली. मी बघतेय, सूप जरा पण कलंडलं नाय. मग पहिलं सूप घेऊन आली पाटावर बसलेल्या भावजींपुढे. वाकली. पुढे केलं.

भावजींनी दोन्ही हातांनी घेतलं. "सुटलो!" बोलून मी हात जोडायला गेले, तर त्या माणसानं सूप उलटं केलं!

भरलेलं सूप, बाय! गौरीसमोर! काकडी इकडे, केळी तिकडे, नारळ गडगडत गेला तो थेट शेवंताच्या पायाशी. शेवंता किंचाळली. बायका "अगो आये!" करून मागे सरल्या. आणि भावजी सुपाच्या पाठीवरून अंगठा फिरवतायत. शांतपणे. जसे बाजारात बसलेत!

अंगठा या कडेपासून निघाला. मधोमध गेला. खाली आला.

"वीण सरळ हाय," भावजी बोलले.

कोणीतरी श्वास सोडला. बहुतेक मीच.

अंगठा काठावर गेला. फिरत फिरत गेला आणि कोपऱ्यात थांबला.

"काठ सैल हाय."

भावजींनी सूप हातात तसंच धरलेलं. ना जवळ घेत, ना परत देत. बाप एक पाऊल पुढे आला आणि थबकला. रेश्माच्या नथीतला मोती हलत होता, नुसता हलत होता.

मग तिनं काय करावं? पदर खोचला. भरजरी साडीत तिथेच भावजींपुढे खाली बसली. त्यांच्या हातातून सूप ओढून घेतलं. आणि सर्रकन काठ सोडून टाकला! सणाच्या दिवशी, गौरीच्या डोळ्यांसमोर!

मंगेशच्या तबकातला कापूर जळून संपला. दुसरा लावायचं कोणाला सुचलं नाय.

रेश्मानं मान वर केली. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत.

"सैल हाय तर धरा की मग, मामंजी!"

सासऱ्याला! सगळ्या आळीसमोर! मी पदर तोंडात कोंबला, आणि या खेपेला हसायला नाय.

भावजी पाटावर बसले होते ते उठले. धोतर सावरलं. खाली जमिनीवर तिच्यासमोर मांडी घातली. आणि काठ धरला.

रेश्मानं पट्टी ओवली, ओढली, थांबली.

"नीट धरा," ती बोलली. "हलतंय."

"धरलंय," भावजी बोलले.

गौर थांबली, आरती थांबली, आणि आम्ही सगळे जिथे होतो तिथे उभे.

काय बघतेस माझ्या तोंडाकडे? चहा संपला तुझा. जा गो बाय आता, ऊठ! माझा भात करपतोय.